बिल पाहून क्लायंट दचकू नये म्हणून: फ्रीलान्स डेव्हलपरसाठी बिलिंगची क्रमवार पद्धत

'पैसे वेळेवर मिळत नाहीत' अशी तक्रार करणारे फ्रीलान्स डेव्हलपर बहुतेकदा आपलं इनव्हॉइस पुढे करतात. इनव्हॉइस ठीकच असतं. घोळ त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. काम नेमकं किती, ते कोणाच्या सांगण्यावरून वाढलं, संपलं हे कोणी ठरवायचं, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग बिलाचा आकडा हीच क्लायंटला मिळालेली पहिली खबर ठरते आणि तो त्या आकड्याशी भांडायला लागतो.

खालची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: इनव्हॉइसमधली एकही ओळ क्लायंटला नवी वाटता कामा नये. टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले पाच काम सुरू होण्याआधीचे आहेत. ते मागाहून उरकता येत नाहीत, कारण काम सुरू झाल्यावर तुम्ही अटी मांडल्या की क्लायंटला वाटतं तुम्ही अटी बदलताय.

## १. आधी स्वतःचा दर काढा

नोकरीतला वार्षिक पगार २०८० ने भागायचा (५२ आठवडे, आठवड्याला ४० तास) आणि आलेला आकडा तासाचा दर म्हणून सांगायचा, ही सर्वांत रुळलेली चूक. फ्रीलान्सरला २०८० तास विकता येत नाहीत. सुट्ट्या आणि आजारपणाचे सहा आठवडे काढले की ४६ आठवडे, म्हणजे १८४० तास उरतात. त्यातूनच काम शोधणं, कोटेशन देणं, मेलना उत्तरं, हिशेब आणि नवं शिकणं भागवायचं असतं. बिल लावता येईल असा वेळ ६० टक्के धरला तर जेमतेम ११०० तास होतात. म्हणजे पगाराएवढेच पैसे मिळवायचे तरी दर जवळपास १.९ पट हवा. विमा, सॉफ्टवेअरचं शुल्क, नवा लॅपटॉप आणि कामाविना जाणारे महिने हे सगळं त्याच्या वर. ६० टक्के हा धरून चाललेला आकडा आहे. तीन महिने स्वतःचे तास मोजा आणि तिथे तुमचा आकडा घाला.

क्लायंटने घासाघीस केली तर दर उतरवू नका, काम कमी करा. 'या रकमेत बसवायचं असेल तर रिपोर्टचं पान पुढच्या फेरीत घेऊ' हे वाक्य तयार ठेवा. काहीही न वगळता दर एक चतुर्थांशाने खाली आला की क्लायंटच्या मनात एकच प्रश्न येतो: मग आधी जास्त का सांगत होता? तिथून पुढे तो तुमचा प्रत्येक आकडा घासून बघणार.

तपासा: दर विचारल्यावर तुम्ही एका वाक्यात, पुढे स्पष्टीकरण न जोडता तो सांगू शकता का? सांगताना अडखळत असाल तर हिशेब अजून तुम्हालाच पटलेला नाही.

## २. बिल कशावर लावायचं ते ठरवा

तासावर, ठरावीक रकमेवर, की रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेल्या तासांसाठी बांधलेली रक्कम? यातलं चांगलं-वाईट असं काही नसतं. काम किती निघेल हे आधी कळत नसेल तर त्याचा भार कोणी उचलायचा, एवढाच प्रश्न आहे. तासाच्या पद्धतीत तो क्लायंट उचलतो, ठरावीक रकमेत तुम्ही.

म्हणून 'अमुक केल्यावर तमुक व्हायला हवं' अशा साध्या वाक्यांत ज्याचा शेवट लिहिता येतो, त्याच कामाला ठरावीक रक्कम सांगा. दुसऱ्याने लिहिलेला, चाचण्या नसलेला जुना कोड हाती येणार असेल तर तो उघडून पाहण्याआधी आकडा देऊ नका. आधी एक छोटं, पैसे घेऊन करायचं पाहणीचं काम ठरवा. दोन-चार दिवसांत कोड चालवून पाहा, धोक्याच्या जागा लिहा आणि मग अंदाज द्या. तो अहवाल क्लायंटचा. हवं तर त्याने तो दुसऱ्या डेव्हलपरकडे न्यावा. ही मोकळीक दिली की पाहणीचे पैसे द्यायला लोक सहसा कुरकुर करत नाहीत.

रिटेनरमध्ये तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: महिन्याला किती तास, न वापरलेले तास पुढच्या महिन्यात जातात की बुडतात, आणि निरोप आल्यावर किती वेळात उत्तर मिळेल. तिसरी राहून जाते, आणि मग मध्यरात्रीच्या फोनलाही क्लायंट आपला हक्क समजतो.

## ३. दोन पानांचा करार

वीस पानी करार कोणी वाचत नाही, दोन पानी वाचतात. रक्कम मोठी असेल तर वकिलाची नजर जरूर फिरवून घ्या, पण मसुदा तुमचा आणि साध्या भाषेतला हवा. त्यात एवढं तरी हवंच:

- काय करणार, आणि काय करणार नाही. दुसरा भाग जास्त मोलाचा. मजकूर भरणं, जुना डेटा नव्या ठिकाणी आणणं, ॲप स्टोअरची मंजुरी, सर्व्हरचं भाडं: जे धरलेलं नाही ते नाव घेऊन लिहा.
- क्लायंटच्या बाजूने होकार देणारी एक व्यक्ती. तिघांनी तीन वेगळ्या सूचना दिल्या तर अंतिम शब्द कोणाचा, ते यातून ठरतं.
- काम मान्य झालं असं कधी समजायचं. स्टेजिंगवर (लाइव्ह जाण्याआधीच्या चाचणीच्या प्रतीवर) दिल्यापासून पाच कामाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मान्य, अशी अट ठेवा. नाहीतर 'अजून बघायला वेळ नाही मिळाला' यावर बिल लटकत राहतं.
- चलन, मुदत, आणि बँकेचं शुल्क कोणाकडे.
- पैसे थकले तर काम थांबवण्याचा तुमचा हक्क.
- कोडची मालकी त्या-त्या टप्प्याचे पूर्ण पैसे मिळाल्यावर क्लायंटकडे जाते. तुमची आधीपासूनची साधनं आणि ओपन सोर्स लायब्रऱ्या यातून वगळा. त्या लायब्रऱ्या त्यांच्या त्यांच्या परवान्यानेच राहतात.
- प्रोजेक्ट मध्येच थांबला तर तोवरच्या कामाचं बिल कसं लागेल, आणि काम सोडायचं असेल तर नोटीसचा कालावधी किती.

बगचं कलम मात्र नीट सवड काढून लिहा, कारण सर्वांत जास्त कटुता इथेच येते. क्लायंटला वाटतं, चालत नाही म्हणजे बग, आणि बग म्हणजे फुकट. तुम्हाला माहीत असतं की पेमेंट गेटवेने आपला एपीआय (इतर सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायची पद्धत) बदलला आणि तुमच्या कोडचा यात काही दोष नाही. सीमारेषा अशी आखा: लिहून ठरलेल्या वागणुकीपेक्षा कोड वेगळा वागत असेल तर तो बग, आणि काम मान्य झाल्यापासून ३० दिवस तो विनामूल्य दुरुस्त होईल. बाहेरची सेवा बदलली, ब्राउझरची नवी आवृत्ती आली, क्लायंटच्या माणसाने सर्व्हरवर हात फिरवला, किंवा 'आम्हाला हे असं अपेक्षित होतं' असं आता सुचलं, तर ते नवं काम. आणि तासावर काम करत असाल तर हेही आधीच सांगा की लिहिताना कोड तपासणं आणि दुरुस्त करणं हा कामाचाच भाग असतो, त्याचे तास लागतात.

तपासा: होकार देणारा आणि पैसे सोडणारा माणूस एकच आहे का? नसेल तर सही होण्याआधी हिशेब विभागाला तीन प्रश्न विचारा. पेमेंट महिन्यातल्या कोणत्या तारखांना निघतात? व्हेंडर म्हणून आधी नोंदणी लागते का? बिलावर पर्चेस ऑर्डरचा (कंपनीच्या लेखी खरेदी-आदेशाचा) नंबर लागतो का? 'क्लायंट पैसे देत नाही' म्हणून ओरड होणारी कितीतरी बिलं खरं तर या तिसऱ्या प्रश्नापाशी अडलेली असतात.

## ४. अंदाज पट्ट्यात द्या

एकच आकडा दिला की क्लायंट त्याला वचन समजतो. प्रत्येक तुकड्यासाठी तीन आकडे काढा: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि अडचणी आल्या तर. मग पर्ट या वेळेचा अंदाज काढण्याच्या पद्धतीचं जुनं सूत्र लावा: पहिला आकडा, अधिक मधल्याची चौपट, अधिक शेवटचा, आणि बेरजेला सहाने भागा. समजा लॉगिनचं काम ८, १२ आणि ३४ तासांचं वाटतंय. ८ अधिक ४८ अधिक ३४ म्हणजे ९०, भागिले ६, म्हणजे १५. मनातल्या १२ पेक्षा हे ३ तास जास्त आहेत, आणि ते कुठून आले तेही समोर दिसतं. क्लायंटला '१२ ते २० तास' सांगा. अंदाज कशावर विसंबून आहे तेही सोबत लिहा, उदाहरणार्थ 'तुमच्या सध्याच्या युजर टेबलमध्ये ईमेल दोनदा आलेले नाहीत, असं धरलं आहे'. हे गृहीतक खोटं निघालं तर आकडा वाढण्याचं कारण आधीच कागदावर असतं.

मधला आणि शेवटचा आकडा यांत तिपटीचा फरक असेल, वरच्या उदाहरणात तो जवळजवळ आहेच, तर त्या कामाचे आणखी तुकडे करा. कुठला तुकडा अंधारात आहे ते लगेच कळतं.

सावधान: फोनवर, मीटिंगच्या शेवटी, 'साधारण किती लागेल?' या प्रश्नाला आकडा देऊ नका. 'उद्या लिहून पाठवतो' म्हणा आणि उद्याच पाठवा. तोंडी आकडा क्लायंट विसरत नाही. त्यासोबत तुम्ही घातलेली अट तो विसरतो.

## ५. ॲडव्हान्स आणि हप्ते: किती काम उधार राहतं ते मोजा

महिन्याअखेर बिल आणि ३० दिवसांची मुदत ही पद्धत रुळलेली आहे म्हणून निमूट स्वीकारली जाते. हिशेब करून पाहा. पहिल्या महिन्याच्या कामाचे पैसे आले नाहीत हे तुम्हाला दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस कळतं, आणि तोवर दुसऱ्या महिन्याचंही काम करून झालेलं असतं. म्हणजे दोन महिन्यांची कमाई अडकली. तेच बिल दर आठवड्याला आणि मुदत ७ दिवस ठेवली तर अडकतं ते दोन आठवड्यांचं काम. नव्या क्लायंटसोबत पहिले तीन महिने असंच ठेवा. ओळख पक्की झाली की मुदत वाढवता येते. आखडणं फार अवघड जातं.

ठरावीक रकमेच्या कामात ३० टक्के आधी, ३०-३० टक्के दोन टप्प्यांवर आणि १० टक्के शेवटी ही विभागणी मला सोयीची वाटते. शेवटचा हप्ता लहानच असावा. साइट लाइव्ह नेण्याचा दिवस क्लायंटच्या हातात असतो. त्याच्याकडून मजकूर येत नाही, संचालकांना रंग आवडत नाही, आणि तुमचा हप्ता तिथेच थिजतो. म्हणून हप्ता त्यांच्या उद्घाटनाला बांधू नका, तुम्ही काम सुपूर्द करण्याला बांधा. 'लाइव्ह गेल्यावर ५० टक्के' ही अट कोणीही, कितीही गोड शब्दांत मांडली तरी मान्य करण्यासारखी नाही.

ॲडव्हान्स खात्यात दिसेपर्यंत काम सुरू करू नका. 'आज निघालेत, उद्या दिसतील' हे ऐकून रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) उघडलीत तर स्वतःचीच पहिली अट तुम्ही स्वतः मोडलीत, आणि क्लायंटच्या ते लक्षात राहतं.

तपासा: डोमेन, क्लाउड, ईमेल सेवा, ॲप स्टोअर ही सगळी खाती पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावावर आणि त्याच्या कार्डावर आहेत ना? तुम्ही फक्त आमंत्रित सदस्य. ही खाती स्वतःकडे ठेवली की हातात पत्ते राहतात असं काहींना वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हरचं भाडं तुमच्या खिशातून जात राहतं आणि क्लायंटला कायम ओलीस धरल्यासारखं वाटतं. कोड मात्र टप्प्याचे पैसे आले की त्याच्या रिपॉझिटरीत ढकला. आठवड्याला बिल असेल तर सुरुवातीपासूनच तिथे काम केलं तरी चालतं, कारण फार काही उधार राहतच नाही.

## ६. तासांची नोंद त्याच दिवशी

शुक्रवारी बसून सोमवारचे तास आठवायचे, ही नोंद नव्हे, कल्पनाशक्ती झाली. टॉगल, क्लॉकिफाय किंवा साधी स्प्रेडशीट, काहीही चालेल. काम बदललं की नोंद बदला. नोंदीची भाषा मात्र क्लायंटला कळेल अशी हवी. 'बॅकएंड, ९ तास' या ओळीवर कोणीही शंका घेईल. हे पाहा:

*ऑर्डर रद्द केल्यावर कधीकधी ग्राहकाला दोनदा परतावा जात होता. कारण शोधून बंद केलं, चाचण्या लिहिल्या. टिकट ११२. ३ तास १५ मिनिटं.*

टिकटचा (कामाच्या यादीतल्या क्रमांकित नोंदीचा) नंबर गिटच्या कमिट संदेशातही, म्हणजे कोडमधला बदल जतन करताना लिहायच्या टिपेतही, घाला. सहा महिन्यांनी कोणी विचारलं तर बिलाची ओळ, टिकट आणि कोडमधला बदल एकमेकांना जोडलेले सापडतील.

पाव तासाला पूर्ण करण्याची पद्धत असेल तर ती दिवसाच्या बेरजेला लावा, प्रत्येक कामाला नको. चार-चार मिनिटांचे पाच प्रश्न आले तर खरा वेळ २० मिनिटं. प्रत्येकाला १५ मिनिटं लावली तर बिल ७५ मिनिटांचं होतं. क्लायंटने एकदा जरी हा हिशेब केला तरी बाकीच्या खऱ्या नोंदींवरूनही त्याचा विश्वास उडतो.

शिकण्यात गेलेल्या वेळाचं काय? त्यांची व्यवस्था, त्यांचे व्यवहाराचे नियम, त्यांचा कोड समजून घेण्याचा वेळ बिलात. जी भाषा किंवा फ्रेमवर्क येतं असं सांगून तुम्ही काम घेतलं, ते शिकण्याचा वेळ तुमचा. एआयच्या मदतीने दहा तासांचं काम तीन तासांत झालं आणि तुम्ही तासावर काम करताय, तर बिल तीनच तासांचं. वेगाचा फायदा स्वतःकडे हवा असेल तर ते काम ठरावीक रकमेवर घ्या. क्लायंटचा कोड अशा बाहेरच्या साधनाला देण्याआधी त्याची लेखी परवानगी घ्या.

## ७. आठवड्याचा निरोप

दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी, पाच ओळी. लांबलचक अहवाल कोणी मागितलेला नसतो.

*या आठवड्यात झालं: परतावा दुरुस्त, लॉगिन स्टेजिंगवर पाहायला तयार.*
*पुढच्या आठवड्यात: रिपोर्टचं पान.*
*अडलंय: गेटवेच्या चाचणी खात्याची किल्ली तुमच्याकडून हवी. बुधवारपर्यंत न आल्यास रिपोर्ट आधी घेतो.*
*तास: या आठवड्यात २२. एकूण ६१, अंदाज ८० ते १००.*
*या आठवड्याचं बिल उद्या पाठवतो.*

चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि तीच संकोचापोटी गाळली जाते. लॉगिनसारख्या एखाद्या तुकड्याने अंदाजाच्या वरच्या टोकाचे ८० टक्के तास खाल्ले आणि तो संपत आलेला नसेल तर आठवड्याची वाट न पाहता वेगळा मेल करा. २० तासांच्या कामात १६ व्या तासाला सांगितलं तर क्लायंटला निवड करायला जागा उरते: पैसे वाढवायचे, काहीतरी वगळायचं, की थांबायचं. २६ व्या तासाला सांगितलं तर निवड तुम्ही करून टाकलेली असते आणि पैसे त्याने द्यायचे असतात.

वाईट बातमी त्याच दिवशी सांगा. काय झालं, त्याने किती तास किंवा दिवस लागतील, आणि पुढचे मार्ग कोणते, एवढं पुरे. माफीचे चार परिच्छेद लिहिलेत तर मुद्दा खालीच राहतो.

## ८. वाढीव काम आलं की आधी लिहा, मग हात लावा

'छोटंसंच आहे' हे शब्द ऐकले की कीबोर्डपासून हात बाजूला घ्या. काम छोटं असेलही. पण अशी दहा छोटी कामं झाली की बिल अंदाजापलीकडे जातं, आणि त्यातलं एकही आपण मागितलं होतं हे क्लायंटला आठवत नाही. उत्तर असं द्या:

*हो, एक्सेलमध्ये डाउनलोड देता येईल. मूळ यादीत हे नव्हतं. ४ ते ६ तास लागतील आणि रिपोर्टचं काम दोन दिवस पुढे जाईल. 'हो' असं उत्तर आलं की सुरू करतो.*

तास, तारखेवरचा परिणाम आणि लेखी होकार, तिन्ही यात आले. व्हॉट्सॲपवरचं 'हो' चालतं, फक्त ते टिकटमध्ये उतरवून ठेवा. फोनवर ठरलं असेल तर 'आत्ता बोललो त्याप्रमाणे' अशी सुरुवात करून दोन ओळींचा मेल टाका.

काही गोष्टी फुकट कराव्याशा वाटतात. जरूर करा, पण बिलावर दाखवा: 'बटणांचे रंग बदलले, १ तास, आकारणी नाही'. लपवून केलेल्या कामाला किंमत नसते. पुढच्या वेळी त्याच कामाचे पैसे लावलेत तर क्लायंट म्हणेल, गेल्या वेळी तर लागले नव्हते. नियम सवलतीलाही लागू: तास कमी लिहू नका, पूर्ण तास लिहून खाली सवलतीची वेगळी ओळ द्या. तास कमी लिहिलेत तर पुढच्या अंदाजासाठी तुमचाच आधार खोटा होतो.

## ९. इनव्हॉइस

इथवर नीट आला असाल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. सलग क्रमांक, दोन्ही बाजूंची नोंदणीकृत नावं आणि पत्ते, कामाचा कालावधी, पर्चेस ऑर्डरचा नंबर, ओळी, बेरीज, लागू असलेला कर वेगळ्या ओळीत, चलन, देय तारीख, बँक तपशील. पीडीएफ पाठवा, बदलता येणारी फाइल नको. कराच्या ओळीत काय यायला हवं हे तुमच्या देशातल्या हिशेबनिसाला एकदा विचारून साचा कायमचा पक्का करा.

काही बारीक गोष्टींवर बिलं अडतात. तारखेतला महिना अक्षरांत लिहा: ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, कुठे ४ मार्च. 'नेट ३०' (३० दिवसांत देय) लिहून थांबू नका, देय तारीख स्पष्ट लिहा. मुदत बिलाच्या तारखेपासून की मिळाल्यापासून, हा वाद उरत नाही. 'डॉलर' एकाहून अधिक देशांत चालतो, म्हणून यूएसडी, एयूडी असा तीन अक्षरी संकेत हवा. परदेशातून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) पैसे येणार असतील तर शुल्काचा पर्याय आधीच ठरवा: 'अवर' म्हणजे शुल्क पाठवणाऱ्याकडे, 'शा' म्हणजे वाटून, 'बेन' म्हणजे सगळं तुमच्याकडून. हे न ठरवल्यामुळे मधल्या बँकेने कापलेली रक्कम 'थोडी बाकी' म्हणून महिनोन्महिने वहीत लोंबकळते.

सावधान: कोणाचा तरी मेलबॉक्स फोडून 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल पाठवण्याची फसवणूक जगभर चालते. करारातच लिहा: बँक तपशील केवळ मेलवरून कधीही बदलणार नाही, बदल झालाच तर आधीच्या नंबरवर फोन करून खात्री करायची. ही ओळ वाचून हिशेब विभागाला तुमच्याबद्दल बरं मत होतं, हा वरचा फायदा.

## १०. पैसे मागणं

यात लाजण्यासारखं काही नाही, आणि रागावण्यासारखंही सुरुवातीला नसतं. वेळापत्रक ठरवून ठेवा म्हणजे मूड आड येत नाही.

देय तारखेच्या तीन दिवस आधी: 'बिल क्रमांक १४ गुरुवारी देय आहे. काही कागद कमी पडत असल्यास कळवा.' देय तारखेच्या दुसऱ्या दिवशी, पैसे आले नसल्यास, थेट हिशेब विभागाला बिल पुन्हा जोडून मेल. सातव्या दिवशी फोन, आणि फोनवर एकच प्रश्न: पेमेंट कोणत्या तारखेला निघेल? 'लवकरच' हे उत्तर नाही. चौदाव्या दिवशी करारातल्या कलमाचा उल्लेख करून लेखी कळवा की सोमवारपासून काम थांबतंय आणि पैसे जमा झाले की कोणत्या दिवशी पुन्हा सुरू होईल. आणि सोमवारी खरंच थांबा.

सावधान: चालू साइट बंद करणं, कोडमध्ये गुप्त कुलूप ठेवणं, पासवर्ड बदलणं यातलं काहीही करू नका. पैसे तुमचे येणं असले तरी त्याने कायद्याच्या कचाट्यात तुम्ही सापडू शकता. नवं काम थांबवणं आणि चालू व्यवस्था मोडणं यात फार मोठा फरक आहे.

## ११. बिलावर हरकत आली तर

पहिलं उत्तर स्पष्टीकरणाचं नको, प्रश्नाचं हवं: नेमकी कोणती ओळ? बहुतेकदा हरकत पूर्ण बिलावर नसते, एक-दोन ओळींवर असते. त्या बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेचं पेमेंट ठरल्या तारखेला मागा. वादातल्या ओळीसाठी टिकट, होकाराचा मेल आणि नोंद एकत्र पाठवा, वर टीकाटिप्पणी नको. होकार सापडत नसेल तर ती ओळ मागे घ्या आणि टप्पा ८ पुन्हा वाचा. पुरावा असूनही क्लायंट ऐकत नसेल तर एकदा, शेवटची म्हणून, सवलत देऊन मिटवता येतं. तसं कराल तर ती सवलत बिलावर सवलत म्हणूनच लिहा, चूक म्हणून नाही.

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तीच हरकत आली तर पद्धत बदला: पुढचं काम आगाऊ पैसे आल्यावरच. हे मान्य नसलेला क्लायंट सोडलेला बरा, आणि नोटीसचा कालावधी करारात आहेच.

## १२. सोडताना

शेवटचं बिल पाठवण्याआधी हे उरका:

- प्रोजेक्ट नव्या मशीनवर कसा चालवायचा ते लिहा आणि रिकाम्या मशीनवर तसंच करून पाहा.
- कोणत्या सेवांचं नूतनीकरण कधी आहे, त्यांची तारीखवार यादी द्या. डोमेन आणि एसएसएल प्रमाणपत्र तर नक्कीच.
- बॅकअप कुठे जातो ते सांगा, आणि एकदा तो परत उघडून दाखवा.
- माहीत असलेल्या उणिवा लपवू नका, त्यांचीही यादी द्या.

पैसे जमा झाल्यावर मालकी हस्तांतराचा एक ओळीचा मेल करा, तुमचे सगळे ॲक्सेस काढायला सांगा आणि तुम्हाला माहीत असलेल्या एपीआय किल्ल्या व पासवर्ड त्यांच्याकडून बदलून घ्या. ॲक्सेस काढल्याची खात्री स्वतः लॉगिन करून पाहा. चार महिन्यांनी तिथे काही गडबड झाली तर ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्या यादीत तुमचं नाव नसावं. ३० दिवसांची बगची मुदत कोणत्या तारखेला संपते तेही त्याच मेलमध्ये लिहा. त्यानंतर आलेल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी किती तास लागतील ते कळवा.